जमिनीवर सहा, पाण्यावर चार

चाकाचा शोध ज्या काळी लागला त्या काळी समिती नेमण्याची पद्धत नव्हती. अभ्यासकांचं तिकडे दुर्लक्ष झालेलं असलं, तरी शोध लागण्यामागचं मुख्य कारण हेच असावं. एक माणूस, एक ओंडका आणि एक उतार एवढ्यावर काम भागलं. समिती असती तर उताराच्या कोनावरून मतभेद झाले असते, ओंडक्याचे तीन नमुने मागवले गेले असते, आणि आपण आजही ओझं डोक्यावर घेऊन हिंडत असतो. (काही लोक आजही हिंडतात. ही हकिकत त्यांच्यापैकीच एकीची आणि तिच्या नवऱ्याची आहे.)

बांधाच्या अलीकडे आरोग्य खात्याचं कार्यालय होतं आणि पलीकडे दोनशे बारा घरांची वस्ती. मध्ये साडेतीन किलोमीटर पाणथळ. ही जागा जमीन आहे की पाणी, यावर दोन खात्यांमध्ये एकोणीस वर्षं पत्रव्यवहार चालू होता. जमिनीचं खातं म्हणे हे पाणी आहे, पाण्याचं खातं म्हणे ही जमीन आहे. आणि दोघांचंही म्हणणं खरं होतं. नाव घातली तर चिखलात रुतायची, जीप घातली तर पाण्यात बुडायची. पायी मात्र जाता यायचं. ही सोय कुणाच्याही अहवालात आलेली नसल्यामुळे नर्सबाई गेली अकरा वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिचा बिनबोभाट फायदा घेत होत्या. हातात काठी, खांद्याला पिशवी, आणि पाणी वर आलं की लसींचा डबा डोक्यावर.

नर्सबाईंचे यजमान त्याच कार्यालयात हेडक्लार्क होते. त्यांना सगळे परिशिष्टराव म्हणत, कारण त्यांच्या हातून परिशिष्ट जोडल्याशिवाय कागद सुटत नसे. रजेच्या अर्जाला ते तापाचा तक्ता जोडत. एकदा बाथरूमचा दिवा गेल्याची तक्रार त्यांनी दिवा असतानाच्या आणि नसतानाच्या दोन छायाचित्रांसह केली होती. (दुसरं छायाचित्र पूर्ण काळं होतं. ते 'परिशिष्ट ब' म्हणून साक्षांकित करण्यात आलं.) माणूस वाईट नव्हता. उलट फार सरळ होता. जगात जे जे अडलंय ते योग्य कागद न जोडल्यामुळे अडलंय, असा त्यांचा मनापासून विश्वास होता, आणि असा विश्वास असलेल्या माणसाला झोप चांगली लागते.

एके दिवशी मोठ्या साहेबांना त्यांच्या मेहुण्याने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक बुटकी, फुगीर टायरांची, सहा चाकांची गाडी चिखलातून गुरगुरत आली आणि न थांबता तळ्यात शिरून बदकासारखी तरंगायला लागली. साहेबांनी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. मग त्यांना पलीकडच्या वस्तीची आठवण झाली. दुसऱ्याच दिवशी 'पहिल्या सहाचाकी उभयचर सर्वभूमी वाहनाची निवड' या विषयावर पत्र निघालं. 'उभयचर' या शब्दामुळे ते आधी पशुसंवर्धनाकडे गेलं. तिथून साडेतीन महिन्यांनी उत्तर आलं की, आमच्या ताब्यात सध्या एकही बेडूक नाही, सबब प्रकरण परत. त्यानंतर मात्र कामाला वेग आला आणि समिती नेमली गेली.

समितीत सात जण होते. अध्यक्ष मोठे साहेब. तांत्रिक सदस्य म्हणून इंजिनियर, ज्यांच्या अखत्यारीत कार्यालयाची लिफ्ट होती. (ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये उभी असे, त्यामुळे तिचा उपयोग जुन्या फायली ठेवायला होई.) भांडारपाल, जे आवारात आलेली कुठलीही सुटी वस्तू नोंद करून कुलूपबंद केल्याशिवाय जेवत नसत. बिस्किटांपुरते हजर राहणारे तीन सदस्य. आणि सदस्य-सचिव म्हणून परिशिष्टराव.

तीन विक्रेत्यांकडून चौदा मॉडेलांची रंगीत पुस्तकं आली. परिशिष्टरावांनी ती घरी नेली. संध्याकाळी नर्सबाई घरी आल्या की गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसत. त्यांचा उजवा गुडघा गेल्या पावसाळ्यापासून कुरकुर करत होता, आणि डॉक्टरांनी त्यांना थंड पाण्यात उतरू नका असं सांगितलं होतं. (हे डॉक्टर त्याच कार्यालयाचे होते आणि मंगळवार-शुक्रवारच्या फेरीच्या आदेशावर त्यांचीच सही असे.) त्यांच्या शेजारी स्टूल ओढून परिशिष्टराव पुस्तकं वाचून दाखवत.

"याला स्टिअरिंग नसतं, ऐकतेस ना? दोन दांडे असतात. डावा ओढला की डाव्या बाजूची चाकं थांबतात नि गाडी डावीकडे वळते. उजवा ओढला की उजवीकडे."

"आणि दोन्ही ओढले की?"

"दोन्ही ओढले की…" परिशिष्टरावांनी पान उलटलं. "थांबते."

"मग ठीक आहे."

"पाण्यात हिची चाकंच वल्ह्यासारखी फिरतात. वेग ताशी चार किलोमीटर."

"एवढी मी पण जाते," नर्सबाई म्हणाल्या आणि घमेल्यात आणखी गरम पाणी ओतलं. "अहो, यात माणूस आडवा मावतो का?"

"आडवा कशाला?"

"उभ्याने कुणी बाळंत होत नाही म्हणून."

परिशिष्टरावांनी चौदाही पुस्तकं चाळली. त्यांत पेल्याचा खाचा होता, शिकारीची बंदूक अडकवायचा हूक होता, आवाज घुमवणारे दोन कर्णे होते. आडव्या माणसाबद्दल काही नव्हतं. त्यांनी तो मुद्दा प्रामाणिकपणे पुढच्या बैठकीत मांडला. निवडीचे निकष आधीच ठरलेले होते, चौदा मॉडेलांना चौदा, आणि साहेबांचं म्हणणं पडलं की पंधरावा घातला तर मेळ बसणार नाही. "पण सूचना चांगली आहे," ते म्हणाले. "कुणाची?"

"घरून आली, साहेब."

"मग 'बाह्य सूचना' म्हणून नोंदवा."

नोंद झाली. परिशिष्टरावांना बरं वाटलं. त्यांच्या लेखी नोंदवलेली गोष्ट ही अर्धी झालेलीच असे.

खरी पंचाईत झाली ती निकष क्रमांक सहाची: 'पाण्याची सरासरी खोली'. गाडी किती पाण्यात चालली पाहिजे हे ठरवायला पाणी किती आहे हे कळायला हवं, आणि पाणी किती आहे हे मोजायला तिथे गाडीने जायला हवं. समिती या मुद्द्यावर चार बैठका अडली. शेवटी परिशिष्टरावांच्या लक्षात आलं की मोजपट्टी आपल्या घरातच आहे.

रविवारी सकाळी त्यांनी नर्सबाईंना स्वयंपाकघराच्या दाराशी उभं केलं.

"जरा सरळ उभी राहा."

"दूध गॅसवर आहे. कशाला?"

"सरकारी काम आहे. मंगळवारी पाणी कुठवर होतं?"

"कुठं कुठवर? सुरुवातीला घोट्यापर्यंत. वेताच्या झुडपांपाशी गुडघा. मधल्या टप्प्यात कंबर. पावसाळ्यात मग डबा डोक्यावर जातो."

परिशिष्टरावांनी शिंप्याच्या टेपने घोटा, गुडघा आणि कंबर मोजली आणि दारावर पेन्सिलीने खुणा केल्या. मग टेप डोक्यावरच्या काल्पनिक डब्यापर्यंत नेली.

"लग्नाआधी तुमच्या आईने माझी उंची विचारली होती," नर्सबाई म्हणाल्या. "तेव्हाही एवढं मोजलं नव्हतं हो कुणी. झालं का? दूध उतू चाललंय."

असं 'परिशिष्ट क' तयार झालं. त्यात पाणथळीच्या नकाशावर ठिकठिकाणी एक बाई काढलेली होती आणि पाणी तिच्या कुठवर येतं ते निळ्या रेघेने दाखवलं होतं. साहेबांना ते फार आवडलं. इंजिनियरनी तर पुढे 'दीड नर्स खोलीपर्यंत सुरक्षित' असा शब्दप्रयोगच रूढ केला. त्या चित्रातली बाई पाण्यात काय करते आहे, असा प्रश्न सातांपैकी एकालाही पडला नाही. आणि खरं सांगायचं तर ती काढताना परिशिष्टरावांनाही पडला नव्हता.

निवडीला एकूण दोन वर्षं तीन महिने लागले. या काळात बैठका एकतीस झाल्या, पैकी रंगावर नऊ. नर्सबाईंच्या फेऱ्या दोनशे एकोणीस झाल्या, पण त्या निवडप्रक्रियेचा भाग नसल्याने अहवालात आलेल्या नाहीत.

मग प्रत्यक्ष चाचणी ठरली. विक्रेत्याचा माणूस एक हिरवी गाडी घेऊन आला. आदल्या दिवशी ती आवारात धुतली, आणि आत साचलेलं पाणी काढायला तळाचं बूच उघडलं. बूच ही सुटी वस्तू. भांडारपालांनी ती तत्काळ ताब्यात घेतली, नोंद केली आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं.

चाचणीला बांधावर खुर्च्या मांडल्या होत्या. गाडीच्या पाटीवर लिहिलेलं होतं: प्रवासी, जमिनीवर सहा, पाण्यावर चार. म्हणजे पाण्याच्या कडेला दोघांनी उतरायला हवं. कुणी उतरायचं यासाठी एक परिपत्रक आधीच निघालं होतं: ज्येष्ठताक्रमाने सर्वांत कनिष्ठांनी. (त्याच परिपत्रकानुसार नर्सबाई गाडीतून पाण्यापर्यंत जाऊ शकणार होत्या. पुढे नेहमीप्रमाणे.) त्याप्रमाणे भांडारपाल आणि एक बिस्कीट-सदस्य उतरले. विक्रेत्याचा माणूस, साहेब, इंजिनियर आणि वृत्तांत लिहिण्यासाठी परिशिष्टराव असे चौघे पाण्यात शिरले.

गाडी सुंदर तरंगली. साहेबांनी हात हलवला, बांधावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. शंभरेक मीटर गेल्यावर परिशिष्टरावांना पायमोजे ओले लागले. त्यांनी वहीत लिहिलं, 'आतील वातावरण थंड.' थोड्या वेळाने पाणी नडगीला आलं. मग सीटला आलं.

"हे असंच असतं का हो?" साहेबांनी विचारलं.

विक्रेत्याचा माणूस खाली वाकला, चाचपडला आणि पांढराफटक होऊन वर आला. "बूच! बूच कुठंय?"

बांधावरून भांडारपालांनी तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडून सांगितलं, "सुरक्षित आहे!"

गाडी शांतपणे खाली गेली. चौघे सीट सोडायला तयार नव्हते, त्यामुळे पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं. साहेब "दोरी टाका, दोरी टाका" म्हणत होते. इंजिनियर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. परिशिष्टरावांनी वही डोक्यावर धरली होती आणि त्यांच्या मनात आलं की आपल्या मृत्यूच्या दाखल्यासोबत काय काय जोडावं लागेल हे हिला कोण सांगणार.

शुक्रवार होता. नर्सबाई आपल्या वाटेने काठी टेकत चालल्या होत्या. त्या वाट वाकडी करून जवळ आल्या, डोक्यावरचा डबा सावरला आणि म्हणाल्या, "साहेब, उभं राहा."

"काय?"

"उभं राहा. कंबरेपर्यंतच आहे इथं."

चौघे उभे राहिले. पाणी कंबरेपर्यंतच होतं.

इतिवृत्तात या प्रसंगाची नोंद 'आणीबाणीच्या प्रसंगी समिती स्वतःच्या पायावर उभी राहिली' अशी आहे. ती परिशिष्टरावांनीच लिहिली. लिहिताना त्यांचा हात जरा अडला, पण वाक्य व्याकरणदृष्ट्या बिनचूक होतं.

निवड अर्थातच त्याच गाडीची झाली. चौदांपैकी प्रत्यक्ष पाण्यात उतरलेली ती एकमेव होती, आणि तिचा तळ टिकाऊ असल्याचं तळाला जाऊन सिद्ध झालं होतं. समितीने तीन शिफारशी केल्या. एक, मागच्या भागात साहेबांसाठी उंच पाठीचं आसन बसवावं. दोन, उद्घाटन होईपर्यंत गाडी झाकून ठेवावी आणि चावी सीलबंद पाकिटात सदस्य-सचिवांकडे असावी. तीन, गाडी पाण्यात असताना तिच्यापुढे वाटेची माहिती असलेल्या एका व्यक्तीने पायी चालावं. त्या व्यक्तीसाठी 'मार्गदर्शक' असं पदही सुचवण्यात आलं, आणि त्यासाठी कोण योग्य हे 'परिशिष्ट क' पाहताच सर्वांच्या ध्यानात आलं.

आदेशाची प्रत परिशिष्टरावांनी स्वतः घरी नेली. नर्सबाईंनी ती वाचली, घडी घातली आणि घमेल्याखाली ठेवली, कारण घमेलं डुगडुगत होतं.

"म्हणजे गाडी आली," त्या म्हणाल्या, "आणि मी तिच्यापुढे चालायचं."

"पदोन्नती आहे ती, अगं. एका अर्थी."

नर्सबाईंनी पाय घमेल्यात सोडले. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्या गप्प बसल्या की परिशिष्टरावांना पुढच्या खोलीत काहीतरी काम आठवत असे. त्या दिवशी आठवलं नाही. ते घमेल्यातल्या पायांकडे बघत बसले. बोटांमधली कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, आणि उजवा गुडघा डाव्याच्या दीडपट होता. ही नोंद त्यांच्याकडे कुठेच नव्हती.

उद्घाटनाला मोठ्या पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती, म्हणून गाडी पाच महिने शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. अशातच एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला पलीकडून फोन आला. वस्तीतल्या सुताराची सून कालपासून अडली होती. तिची सासू बोलत होती. नर्सबाईंनी चार प्रश्न विचारले, चारही उत्तरं ऐकली आणि फोन ठेवला.

"तिला इकडे दवाखान्यात आणायला हवी. पाणी ओसरलंय, नाव निम्म्यात रुतेल."

"मग तू जाऊन…"

"मी जाऊन काय करू? डबा डोक्यावर आणता येतो. बाई नाही आणता येत." त्यांनी चपला घातल्या. "चावी तुमच्याकडे आहे ना?"

चावी होती. सीलबंद पाकिटात, पाकीट कार्यालयाच्या कपाटात, आणि पाकिटावर 'सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय उघडू नये' असं परिशिष्टरावांच्याच टपोऱ्या अक्षरात. त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब अजून उठले नव्हते आणि फोन त्यांच्या मुलीने उचलला. बाबांना उठवू का, असं तिने विचारलं, आणि मग तीच म्हणाली की, नको, रागावतील.

कार्यालयात पोचल्यावर परिशिष्टराव टेबलाशी बसले, कोरा कागद घेतला आणि 'सील तोडण्याबाबत' असा विषय लिहिला. संदर्भ लिहिला. 'महोदय' लिहिलं. बाहेरून ताडपत्री ओढल्याचा आवाज आला. मग नर्सबाईंचा.

"येताय का, की मी तारा जोडून सुरू करू?"

त्यांनी कागद टराटरा फाडला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोरा नसलेला कागद फाडण्याची ही पहिलीच वेळ. मग पाकीटही फाडलं.

बूच भांडारातच होतं. जमा करताना त्याची नोंद 'झाकण' अशी झाली होती आणि परत मागताना मागणी 'बुचाची' गेली होती, त्यामुळे आठ महिने ते सापडत नव्हतं. नर्सबाई गाडीखाली डोकावून म्हणाल्या, "भोक अंगठ्याएवढं आहे. काहीतरी लाकडाचं आणा."

परिशिष्टरावांनी टेबलावरून आवकचा रबरी शिक्का उचलला, त्याच्या मुठीला रुमाल गुंडाळला आणि ती आतून भोकात ठोकून बसवली. चपखल बसली. त्या शिक्क्याने आजवर पुष्कळ काही अडवलं होतं. पाणी पहिल्यांदाच अडवलं.

साहेबांचं उंच पाठीचं आसन मधोमध होतं. त्याचे चार नट परिशिष्टरावांनी पान्याने सोडवले आणि आसन बाहेर काढून शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलं. तिथे एक बाई आडवी मावेल एवढी जागा झाली. दांडे नर्सबाईंनी हातात घेतले. त्यांना गाडी येत नव्हती, पण वाट येत होती, आणि ही गाडी बनवणाऱ्यांना नेमकं उलटं येत होतं.

"शिक्क्यावर पाय दाबून बसा," त्या म्हणाल्या, "आणि मध्ये मध्ये बोलू नका."

झुडपांना वळसा, मग चिखलाचा उंचवटा, मग सरळ पाण्यात. चौदा वर्षं पायांनी शिकलेली वाट त्या दोन हातांनी गिरवत होत्या. परिशिष्टराव अनवाणी टाच दाबून बसले होते. मधल्या टप्प्यात पाणी आलं तेव्हा त्यांनी काठावरून खाली वाकून पाहिलं. काळं, गार पाणी. त्यांनी त्यात मनगटापर्यंत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. कंबर, असं त्यांनी त्या जागी लिहिलं होतं.

येताना गाडीत चौघं होती: नर्सबाई, परिशिष्टराव, आडवी सून आणि तिची सासू. पाटीवर लिहिल्याप्रमाणे, नियमाला धरून. अर्ध्या वाटेवर सून अशी ओरडली की झुडपातले बगळे उडाले. नर्सबाईंनी मागे एकदा पाहिलं आणि दोन्ही दांडे ओढले.

"इकडे या. हे दोन्ही असे ओढून धरा आणि तिकडे बघा."

"तिकडे कुठे?"

"कुठेही. इकडे सोडून."

परिशिष्टरावांनी दांडे धरले, पाय लांब करून टाच शिक्क्यावर ठेवली आणि बगळे जिथे गेले तिकडे पाहत राहिले. मागे नर्सबाई बोलत होत्या, बारीक, ठाम आवाजात. हा आवाज त्यांनी घरी कधी ऐकला नव्हता. बाई कामावर कशी असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तिची कंबर तेवढी ठाऊक होती. गाडी डुलत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक, त्यांनी मोजला नाही. मग एक बारीकशी, चिडकी किंकाळी आली आणि सासूबाई हसत हसत रडायला लागल्या. परिशिष्टराव बगळ्यांकडेच बघत होते, पण त्यांना आता बगळे नीट दिसत नव्हते. घरी गेल्यावर पाहिलं तर टाचेवर निळ्या शाईत 'प्राप्त' असा ठसा उमटला होता.

सोमवारी चौकशी सुरू झाली. नोटिशीत आरोप पाच होते. विनापरवाना वाहन वापरणे. उद्घाटकाविना उद्घाटन करणे. अध्यक्षांचे आसन अध्यक्षांच्या अनुपस्थितीत भिंतीला टेकवणे. कार्यालयीन शिक्का कागदाव्यतिरिक्त अन्यत्र मारणे. आणि पाचवा, जो सर्वांत गंभीर होता: 'निघताना वाहनात चार प्रवासी होते, पोहोचताना पाच होते. पाण्यावरील कमाल क्षमता चार असताना वाढीव प्रवासी भर पाण्यात कोठून व कोणाच्या परवानगीने चढला, याचा खुलासा करावा.'

परिशिष्टरावांनी खुलासा एका ओळीत दिला: 'मी तिकडे बघत होतो.' सोबत काहीही जोडलेलं नव्हतं. साहेबांनी कागद उलटून पाहिला, पालटून पाहिला, टाचणीचं भोक आहे का तेही पाहिलं, आणि हा माणूस आजारी आहे की काय असं डॉक्टरांना विचारलं.

परिशिष्टरावांना समितीवरून काढण्यात आलं. गाडी धुतली, आसन परत बसवलं, पुढच्या महिन्यात फीत कापली गेली. गाडी आता पाहुणे आले की त्यांना पाणथळीतले पक्षी दाखवायला नेते. सून ज्या जागी आडवी होती त्या जागी साहेब ताठ बसलेले असतात. मार्गदर्शकाचं पद नर्सबाईंनी लेखी नाकारलं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या पायीच जातात. फरक एवढाच, की शुक्रवारी परिशिष्टराव अर्ध्या दिवसाची रजा टाकतात आणि डबा त्यांच्या डोक्यावर असतो. दोनदा पडले. डबा मात्र पडू दिला नाही.

ही हकिकत आजवर पुष्कळ लोकांना सांगून झाली. समंजस, शिकलेली, संसारी माणसं. सगळ्यांनी ती लक्ष देऊन ऐकली, योग्य ठिकाणी हसून घेतलं, साहेबांना नावं ठेवली, आणि शेवटी प्रश्न विचारले. गाडी कुठल्या कंपनीची? टायरात हवा किती लागते? दोन माणसांपुरती लहान मिळते का? एकाने पेल्याच्या खाच्याची चौकशी केली. तुमच्याही मनात एखादा असेलच, तो अवश्य कळवावा, योग्य त्या समितीकडे पाठवला जाईल.

मुलगी झाली. तीन किलो शंभर ग्रॅम. बाळंतीण बरी आहे. आपण विचारलं नव्हतं, तरी माहितीसाठी सादर.